पाणी काचेसारखं नितळ, तरी बदलल्यापासून मासे धापा टाकताहेत. तातडीने मदत हवी

मासोळी (सोमवार, सकाळी)

नमस्कार. आजवर इथे नुसती वाचत होते, पहिल्यांदा लिहितेय ते रडकुंडीला येऊन.

120 लिटरचा टँक, तीन वर्षं जुना. 2 एंजल, 9 ब्लॅक विडो टेट्रा, 4 कोरी. आत बसणारा पॉवर फिल्टर, तासाला 600 लिटरचा. तापमान 27. पाणी असं की मागच्या भिंतीवरचा डागसुद्धा स्वच्छ दिसतो.

गेल्या दोन महिन्यांत तीनदा नवे टेट्रा आणले आणि तिन्ही वेळा दोन दिवसांत गेले. जुन्यांना काही म्हणजे काही नाही. एकाने सांगितलं, पाणी जुनं झालंय, बदल. म्हणून काल 40 टक्के पाणी काढून नवं भरलं. नळाचं पाणी रात्रभर बादल्यांत ठेवलेलं, वर क्लोरीन मारायचे थेंब टाकलेले, तापमान हाताने नाही तर थर्मामीटरने जुळवलेलं. संध्याकाळपासून सगळे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताहेत. सकाळी एक टेट्रा तळाशी सापडला.

आणि कृपया ‘स्पंज नळाखाली धुतला असेल’ म्हणू नका. टँकच्याच पाण्यात पिळला होता. सगळे नियम पाळले, मग चुकलं कुठे?

बुडबुडा

ताई, आधी एअर पंप फुल करा, फिल्टरचं तोंड वर वळवा, पृष्ठभाग खळबळायला हवा. 27 अंशांना पाण्यात प्राणवायू जेमतेम 8 पीपीएम (लिटरला 8 मिलिग्रॅम) मावतो, त्यातून कल्ले दुखावलेले असतील तर तोही घेता येत नाही.

तुमच्या नळाला क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाची जोडी) असेल अशी मला शंका आहे. साधं क्लोरीन रात्रभरात उडतं, क्लोरामाइन उडत नाही. आणि ते थेंब निव्वळ थायोसल्फेटचे असतील, तर क्लोरीन जातं पण त्याला चिकटलेला अमोनिया पाण्यात मोकळा होतो. आत्ताच्या आत्ता आणखी 50 टक्के बदला.

कॅनिस्टरभक्त

एवढ्या मोठ्या टँकला तो चिमुकला आतला फिल्टर? कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्या, प्रश्न मिटेल. माझ्याकडे दोन आहेत.

हिरवळ

भक्तराज, घर जळत असताना नवा पंखा कुठला घ्यायचा हे सांगू नका. :) 120 लिटरला 600 म्हणजे तासाला पाच फेऱ्या. स्पंज भरला की प्रत्यक्षात तीन-साडेतीन होत असतील, तरी या माशांना पुरे आहे. बिचारा फिल्टर निर्दोष दिसतोय.

जुनागाळ

मासोळी, आणखी पाणी बदलू नका. निदान एक तासभर तरी नका. आधी चार गोष्टी सांगा.

1. टेस्ट किट आहे का? पट्ट्यांचं की थेंबांचं?
2. तीन वर्षांत पाणी दर आठवड्याला किती बदलत होता? खरं सांगा, इथे कुणी रागावत नाही.
3. आटलेलं पाणी कशाने भरून काढता?
4. काल काढलेलं जुनं पाणी घरात कुठे उरलंय का?

चौथा प्रश्न विचित्र वाटेल, पण माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मासोळी

गाळकाका, खरं सांगते. पहिलं वर्षभर नियमाने बदललं. मग काही बिघडत नव्हतं, पाणीही स्वच्छ दिसायचं, म्हणून सुटलं. दोन वर्षं फक्त आटेल तेवढं भरते, तेही आरओचं. काचेवर पांढरे डाग पडत नाहीत म्हणून.

किट थेंबांचं आहे, मैत्रिणीने दिलेलं. तारीख संपलेली नाही, पण उघडलेलंही नाही. जुनं पाणी झाडांना घालते. अर्धी बादली अजून बाहेर आहे.

जुनागाळ

वा. त्या बादलीतलं आणि टँकमधलं, दोन्ही पाण्यांचं पीएच, केएच (आम्ल झेलणारे कार्बोनेट), अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट काढा. नायट्रेटची दुसऱ्या क्रमांकाची बाटली आधी अर्धा मिनिट जोरजोरात हलवा, तळाशी भुकटी बसलेली असते. ती तशीच राहिली तर किट खुशाल खोटं बोलतं. नळाचं रात्रभर ठेवलेलं पाणी असेल तर त्याचंही पीएच आणि केएच बघा.

मासोळी (दीड तासाने)

जुनी बादली: पीएच 6.0 (किटमधला सगळ्यात खालचा रंग हाच, कदाचित त्याहूनही कमी असेल). केएच पहिल्याच थेंबाला पिवळं, म्हणजे जवळजवळ नाहीच. अमोनिया 4 आणि 8 च्या मध्ये, 8 कडे झुकलेला. नायट्राइट 0. नायट्रेट भडक लाल, 160 तर नक्की.

टँक: पीएच 7.6. केएच 3. अमोनिया 4. नायट्राइट 0. नायट्रेट 80 ते 160.

नळाचं ठेवलेलं पाणी: पीएच 8.0, केएच 8.

मला काही कळत नाहीये. बादलीत अमोनिया जास्त होता, त्या पाण्यात मासे मजेत होते. आता कमी आहे तर मरताहेत?

बुडबुडा

अरे देवा. माझा क्लोरामाइनचा अंदाज मागे घेतो. 4 पीपीएम काही नळातून येत नाही.

जुनागाळ

तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलंय. आधी काय करायचं ते सांगतो, कारणमीमांसा मागून.

क्लोरीनबरोबर अमोनियाही बांधून ठेवणारं कंडिशनर मिळतं (नुसतं थायोसल्फेटवालं नव्हे, बाटलीवर वाचा). संपूर्ण 120 लिटरचा हिशोब धरून टाका. त्याचा परिणाम दिवस-दोन दिवस टिकतो, मग पुन्हा मात्रा. टाकल्यावरही किट अमोनिया दाखवतच राहील, घाबरू नका, किट बांधलेला आणि मोकळा असा फरक करत नाही. खाणं चार दिवस पूर्ण बंद. एवढे मोठे मासे चार दिवसांत उपाशी मरत नाहीत, पण घातलेला प्रत्येक दाणा अमोनियाच होतो. झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारे खडे) मिळालं तर जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरजवळ ठेवा. हवा चालू. दिवे बंद.

पाणी उद्यापासून रोज 10 ते 15 टक्के, सावकाश, नळाचंच. आरओची कॅन आत्ता नजरेआड करा.

बुडबुडा

काका, पण अमोनिया 4 असताना पाणी बदलू नका हे गळी उतरत नाही. आम्ही तर नवख्यांना पहिला धडा हाच देतो, की काही झालं तर निम्मं पाणी बदल.

जुनागाळ

बरोबर देता. शंभरातल्या नव्वद वेळा तेच करायचं. हा उरलेल्या दहातला प्रकार आहे, म्हणून आकडे मांडतो.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक अमोनियम, त्याचा माशांना फारसा त्रास नाही. दुसरा मोकळा अमोनिया, तो कल्ल्यांतून थेट आत शिरतो आणि जाळतो. किट दोघांची बेरीज दाखवतं. कुठला किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. 27 अंशांना:

पीएच 6.0 ला मोकळा अमोनिया एकूणाच्या हजारातला एकसुद्धा भाग नाही.
पीएच 7.6 ला शेकडा अडीच.
पीएच 8.0 ला शेकडा सहा.

म्हणजे बादलीत एकूण 7 धरले तरी विष 0.005 च्या आतबाहेर. कालच्या पाणीबदलानंतर एकूण उतरून 4 झाला, पण विष 0.1. वीसपट! नव्या पाण्याने अमोनिया आणला नाही, आधीच साठलेला जागा केला.

आता बुडबुडा म्हणतात तसं निम्मं बदलू. एकूण 4 चा 2 होईल. पण नळाचा पीएच 8, तो टँकला आणखी वर ओढणार. 2 चे सहा टक्के म्हणजे 0.12. निम्मं पाणी उपसून विष होतं तेवढंच, वर माशांना आणखी एक हिसका. म्हणून आधी बांधा, मग थोडं थोडं बदला.

बुडबुडा

पटलं. हा हिशोब मी कधी करूनच पाहिला नव्हता.

कोपऱ्यातला_शिंपला

मधेच विचारतो, मग लिंबू किंवा व्हिनेगर टाकून पीएच परत 6 वर आणला तर? विष आपोआप झोपेल ना?

जुनागाळ

झोपेल, आणि मासे पीएचच्या झोपाळ्यावर मरतील. आम्लाने उरलासुरला केएच संपतो, मग पुढची घसरगुंडी अडवायला काहीच राहत नाही. नको.

तळटीप

आमच्याकडे पाणी गढूळ झालं की तुरटी फिरवा म्हणणारेही आहेत. तीही हेच करते: केएच खाते, पीएच पाडते, शिवाय आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम कल्ल्यांना घातक. पिण्याच्या पाण्यातला गाळ बसवणं वेगळं आणि ज्यात कुणीतरी श्वास घेतंय त्या पाण्यात टाकणं वेगळं.

मासोळी (सोमवार, रात्री)

कंडिशनर टाकून तीन तास झाले. एंजल खाली आलेत. टेट्रा अजून वरच आहेत, पण धाप कमी वाटते. आणखी एक गेला. झिओलाइट लावलंय.

काका, आता कारण सांगा. फिल्टर तर तीन वर्षं अखंड चालू होता. त्यातले जिवाणू कुठे गेले?

जुनागाळ

गेले नाहीत, संपावर गेले.

फिल्टर म्हणजे केर काढणारा झाडू अशी आपली समजूत असते. स्पंजात अडकलेली घाण दिसते म्हणून. खरं काम दिसत नाही. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतात. स्पंजाच्या भोकाभोकांत चिकटलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पूर्वी या दुसऱ्या कामाचं श्रेय नायट्रोबॅक्टरला द्यायचे, विकतच्या जिवाणूंच्या बाटल्यांवर अजूनही तेच नाव छापतात. पण 1990 च्या दशकात टँकमधले जिवाणू तपासले तेव्हा नायट्रोस्पायरा सापडले. आणि 2015 मध्ये कळलं की नायट्रोस्पायरातले काही पठ्ठे अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही पायऱ्या एकटेच चढतात.

मुद्दा असा की या कामाला दोन गोष्टी लागतात आणि त्या आपण मोजत नाही. एक प्राणवायू. दुसरी केएच, म्हणजे पाण्यातले कार्बोनेट. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, ते कार्बोनेट गिळतं. ढोबळ हिशोब लक्षात ठेवा: नायट्रेट 10 ने वाढलं की केएच जवळपास 1 अंशाने उतरलेला असतो.

आता तुमचा टँक. नायट्रेट 160, म्हणजे सुमारे 14 अंश केएच खाल्ला गेला. सुरुवातीला नळाच्या पाण्याबरोबर केएच येत होता. पाणी बदलणं थांबलं, आवक थांबली. वर भरणा आरओचा, ज्यात केएच जवळजवळ शून्य. खर्च चालू, जमा बंद. केएच संपला त्या दिवशी पीएच आधाराविना घसरला. सहाच्या खाली जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. अमोनिया साठू लागला, पण त्याच पीएचमुळे तो झोपलेला राहिला. म्हणून तुमचं नायट्राइट शून्य आहे. नायट्राइट शून्य दिसलं की आपण खूश होतो. इथे ते शून्य जिवाणूंची गिरणी बंद असल्याचं आहे.

जुने मासे महिनोन् महिने हळूहळू त्या पाण्याला सरावले. नवे मात्र पीएच 7.5 च्या पाण्यातून थेट 6 मध्ये आणि 160 नायट्रेटमध्ये. दोन दिवस काढले हेच खूप.

याला इंग्रजी पुस्तकांत जुन्या टँकचा आजार म्हणतात.

हिरवळ

यात एक भर घालते. मासोळी, तुम्हाला आरओ वापरायचा मोह पांढऱ्या डागांमुळे झाला, तो मला कळतो. आणि नुसतं आटलेलं भरायला आरओ वापरणं तत्त्वतः चूकही नाही, कारण वाफ होताना क्षार मागेच राहतात. फसगत होते ती ‘भरणं’ म्हणजे ‘बदलणं’ समजल्याने. आटलेलं भरलं म्हणून नायट्रेटचा एक कणही बाहेर जात नाही.

वाचनमात्र

माझ्या टँकमध्ये भरपूर वनस्पती आणि गोगलगायी आहेत. समतोल साधला की पाणी बदलावं लागत नाही असं ऐकलंय. तेही खोटं का?

तळटीप

खोटं नाही, अर्धं आहे. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनतज्ज्ञाने दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवून हा समतोल मांडला. गंमत म्हणजे त्यालाही आधी कुजक्या पानांनी पाणी बिघडल्याचा अनुभव आला, म्हणून त्याने गोगलगायी सोडल्या. तुमच्याकडे दोन छोटे मासे आणि जंगल असेल तर तुमचंही निभेल. वनस्पती अमोनिया थेट खातात, त्यात आम्लाचा हिशोबही सौम्य असतो. पण आपण जंगलाऐवजी चार काड्या लावतो आणि वर पंधरा मासे. तरीही महिन्यातून एकदा केएच बघत जा.

कॅनिस्टरभक्त

आधी मस्करीत घेतलंत, पण मी मनापासून विचारतो. मोठा कॅनिस्टर असता तर हे टळलं नसतं?

जुनागाळ

नसतं. भक्तराज, कॅनिस्टर छान असतो, माझ्याकडेही आहे. पाणी आधी जाड स्पंजातून, मग बारीक कापसातून, शेवटी सिरॅमिकच्या कड्यांतून गेलं की कड्या वर्षानुवर्षं स्वच्छ राहतात. पण मोठा फिल्टर म्हणजे मोठी गिरणी. दळण केएचचंच. तो संपल्यावर दहा लिटर कड्याही बसून राहतात.

आणि कॅनिस्टरचा एक धोका सगळ्यांनी ऐकून ठेवा. वीज गेली की बंद डब्यातला प्राणवायू जिवाणूच संपवतात. काही तासांनी आत सडायला लागतं. वीज आल्यावर तो काळा, कुजका काढा थेट टँकमध्ये येतो. बराच वेळ वीज नसेल तर डबा उघडून, आतलं पाणी फेकून, मगच चालू करा. हवेवर चालणाऱ्या साध्या स्पंज फिल्टरला ही भानगड नाही, तो उघड्यावरच असतो. दिसायला गबाळा, पण मी आजारी माशांचा टँक दुसऱ्या कशावर चालवत नाही.

बुडबुडा

ॲक्टिव्हेटेड कार्बन आणि यूव्ही दिव्याबद्दलही हेच. कार्बन औषधं, वास, पिवळेपणा ओढतो, तोही काही आठवडेच. अमोनियाला हात लावत नाही. यूव्हीने हिरवं पाणी निवळतं. दोन्हींनी पाणी आणखी चकचकीत होतं आणि आपली आणखी फसवणूक.

मासोळी (शुक्रवार)

चार दिवस रोज 12 ते 15 लिटर बदललं. मंगळवारपासून कुणी गेलं नाही. अमोनिया 2, पीएच 7.6, केएच 5. मैत्रिणीच्या टँकमधला एक मळका स्पंज मागून आणलाय, तो फिल्टरच्या तोंडाशी बांधलाय. तिला वाटतंय मला वेड लागलं. आज चिमूटभर खाणं दिलं, कोरींनी लगेच शोधून काढलं.

जुनागाळ

तो मळका स्पंज तुमचे दोन आठवडे वाचवणार आहे. स्पंज पिळताना आपण जे ‘घाण’ म्हणून टाकतो त्यातच हे सगळं राहतं. जिवाणू मोकळ्या पाण्यात फार नसतात.

आता नायट्राइटवर लक्ष ठेवा. अमोनियाचं नायट्राइट करणारी पहिली गिरणी सुरू होईल, नायट्राइट संपवणारी दुसरी मागून.

मासोळी (बाराव्या दिवशी)

काका, बरोबर बोललात. अमोनिया 0.5, नायट्राइट 2! मीठ घालू का? कुठेतरी वाचलं.

बुडबुडा

घाला, 10 लिटरला 1 ग्रॅम. मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटची वाट अडवतो. नाहीतर ते रक्तात जाऊन प्राणवायू वाहण्याची ताकदच काढून घेतं, रक्त तपकिरी होतं. एवढं मीठ कोरींनाही सोसतं.

हिरवळ

थांबा थांबा! झिओलाइट अजून आत आहे ना? आधी बाहेर काढा. झिओलाइट मिठाच्या पाण्यात धुऊनच पुन्हा वापरायला तयार करतात, कारण मीठ त्यातला अमोनिया बाहेर ढकलतं. एवढ्याशा मिठाने पूर्ण रिकामं होणार नाही, पण धरलेलं थोडंही परत का सोडू द्यायचं?

बुडबुडा

बरं झालं बोललात. या धाग्यावर माझा स्वतःवरच दुसरा गोल. :(

मासोळी

पिशवी काढली, बादलीत टाकली. मग 12 ग्रॅम मीठ विरघळवून तासाभरात तीन हप्त्यांत सोडलं. पाणीबदल चालू आहेत.

कोपऱ्यातला_शिंपला

पुढे दर आठवड्याला किती बदलायचं हे ठरवायचं कसं? कुणी 10 म्हणतं, कुणी 50.

जुनागाळ

मोजून. पाणी न बदलता आठवडाभरात नायट्रेट किती चढतं ते बघा. समजा 10. दर आठवड्याला एक दशांशच बदललं, तर नायट्रेट चढत चढत 100 वर जाऊन स्थिरावणार. चतुर्थांश बदललं तर 40 वर. निम्मं बदललं तर 20 वर. आठवड्याची वाढ भागिले बदलाचा हिस्सा, एवढंच गणित. ‘मी दर आठवड्याला बदलतो’ म्हणणाऱ्याच्या टँकमध्ये 100 सापडतं ते असं. आणि हे हळूहळू होतं, आठवड्या-आठवड्याला बघणाऱ्या डोळ्यांना कळत नाही.

मी चतुर्थांश ते तृतीयांश बदलतो. खाणं कमी केलं तर गणितातला वरचा आकडाच उतरतो, तो उपाय कुणाला आवडत नाही.

मासोळी (सहाव्या आठवड्यात)

शेवटचा अहवाल. अमोनिया 0, नायट्राइट 0 (या वेळी गिरणी चालू असतानाचं शून्य!), नायट्रेट 30, केएच 6, पीएच 7.6. एकूण दोन टेट्रा गेले, बाकी सगळे आहेत. झिओलाइट काढलेलं आहे, मीठ पाणीबदलांबरोबर गेलं. काचेवर पांढरे डाग परत आलेत. जुन्या कार्डाने खरवडते.

एवढ्यात नवे टेट्रा आणणार नाही. आणले तर आधी त्यांच्या पिशवीतल्या पाण्याचं पीएच बघेन.

वाचनमात्र

हा धागा वाचून काल हिंमत करून किट आणलं. जंगलवाला मीच. माझाही केएच पहिल्याच थेंबाला पिवळा झाला. दोन बादल्या नळाचं पाणी भरून ठेवलंय, ओतू का?

मासोळी

थांबा! ओतू नका. आधी अमोनिया आणि पीएच सांगा.